हातोड्यावर हातोडा

वडसा,
२१ नोव्हेंबर २०२३

प्रिय मयुरी,
सप्रेम जयभीम.

तुहं पत्र भेटलं. पोस्टमन आता फाटकाची कडी वाजवत नाई. त्याले माहीत झालं का या म्हाताऱ्याले ऐकू येत नाई. सरळ आंगणात येते आन् बैलाले चारा दाखवावा तसं माह्या तोंडासमोर पत्र हालवते. मी बी हासतो.

वीज केंद्राची फिटरकी संपवून, ऊर्जानगरचं क्वार्टर सोडून इथी आलो त्याले दोन पावसाळे झाले. तुही माय असती त हे घर घरासारखं वाटलं असतं. आता ताट एक, गिलास एक, आन् दिवसभर तोंड बंद. कान यंदा पुरेच गेले. आपल्या घराण्यातच आहे हे, माह्या बापाचेही असेच गेले होते. मशीन लावून पाह्यली, तिच्यात नुसती खरखर येते. घर रेल्वे लायनीपाशी आहे म्हून गाडी तेवढी समजते. मांडणीवरचे भांडे थरथरतात, मंग मी म्हणतो, गेली गोंदियाची पॅसेंजर.

तू म्हणते व्हिडिओ कॉल करत जाऊ. बाई, त्या एवढ्याशा डब्यात तुहे ओठ हालतात आन् मधातच चित्र अटकते. अर्धं समजते, अर्धं राहून जाते, आन् राह्यलेलं दिवसभर डोक्यात घोळते. पत्र बरं. पत्र मी चारदा वाचतो आन् चारही वेळा तू मले पुरी ऐकू येते. डोळे शाबूत आहेत तोवर माहं काही अडलं नाई. कान गेले त गेले.

मुखरू रोज चार वाजता येऊन बसते. मुखरू कुथे, माहा शाळेतला दोस्त, नाटक कंपनीचं स्टेज बांधते तो. तुले त्याची मिशी आठवत असन, लहानपणी तू त्याले पाहून मायच्या पदरात लपायची. ती मिशी आता नाई. एक दिवस तो बोलून राह्यला होता आन् मले ओठ दिसेनात. म्या म्हटलं, मुखरू, तुह्या मिशीआड अर्धे शब्द दडतात रे. दुसऱ्या दिवशी आला त तोंड साफ! जवानीपासूनची मिशी होती त्याची, नाटकवाले त्याले मिशीवरून ओळखत. त्याबद्दल तो एक शब्द बोल्ला नाई, म्या बी इचारलं नाई. आता माह्या समोर बसते आन् सावकाश बोलते. गावात आखीन कोणी मले बोलाले वळून बसत नाई. लोकं हात हालवतात आन् चालते होतात.

तू लोखंड तोडते म्हणते. आमी जन्मभर तुटलेलं जोडत राह्यलो आन् तुले तोडाचा पगार भेटते! काय तोडते, कसं तोडते, मले समजन असं लिही. आन् यावेळेस पत्राखाली जावईबापूची ओळ नाई आली. ते दरवेळेस आपल्या हातानं लिहितात, 'बाबा, तब्येत सांभाळा.' मले त्या ओळीची सवय झाली.

तुहा बाबा,
खुशाल

*

हैदराबाद,
३ डिसेंबर २०२३

प्रिय बाबा,
जयभीम.

पोस्टमनचं वाचून खूप हसले. मुखरूकाकांच्या मिशीचं वाचून मात्र हसू आलं नाही, डोळे भरून आले. त्यांना माझा नमस्कार सांगा.

मी काय तोडते ते सांगते. तुम्हाला आठवतं, क्वार्टरच्या पायरीवर बसून तुम्ही तार हाताने मागे-पुढे वाकवायचे आणि तुटायच्या आधी म्हणायचे, "हात लाव इथी"? मी बोट लावायची आणि चटका बसायचा. माझा सगळा अभ्यास त्या चटक्याचा आहे, बाबा. धातू वाकतो तेव्हा आपण लावलेला जोर आत गरमी होऊन बसतो. सावकाश वाकवलं तर ती गरमी आजूबाजूला पसरते, हवेत जाते, आणि सगळा धातू थोडा थोडा भार वाटून घेतो.

पण तोच जोर एका झटक्यात आला, पापणी लवायच्याही आत, आणि धातूचा एक थर दुसऱ्या थरावरून सरकू लागला, तर गरमीला पळायला वेळच मिळत नाही. जिथे किंचित जास्त सरकलं तीच जागा तापते. तापते म्हणून मऊ पडते. मऊ पडते म्हणून पुढचं सगळं सरकणं तिथेच येऊन पडतं. केसाहून बारीक रेघ असते ती. तिच्यात भट्टीसारखी आग आणि नखभर बाजूला धातू गारच! मग त्या रेघेवरून तुकडा सुटतो.

आमच्या प्रयोगशाळेत दोन लांब पोलादी दांडे एका रेषेत ठेवलेले आहेत. मधे टोपीच्या आकाराचा छोटासा नमुना. हवेच्या दाबाने तिसरा दांडा येऊन आदळतो, 'फट्' होतं, आणि संपलं. तो एक 'फट्' समजून घ्यायला पुढे महिना जातो. नमुना कापायचा, आरशासारखा घासायचा, त्यावर आम्ल लावायचं आणि भिंगाखाली धरायचा. ती रेघ पांढरी दिसते. दोन्ही बाजूंचा धातू पाहिला तर तिथे काही झालं होतं असं वाटतही नाही.

नाताळच्या सुट्टीत येते. बल्लारशाहला गाडी बदलून दुपारपर्यंत पोचेन. सुनगा, ते आपल्याकडचं वाळवण, घालून भाजी करून ठेवा, इथे मिळत नाही. प्रवीण दौऱ्यावर आहे म्हणून त्याची ओळ नाही, त्याने जयभीम सांगितला आहे.

तुमची,
मयुरी

*

वडसा,
१६ डिसेंबर २०२३

प्रिय मयुरी,
सप्रेम जयभीम.

तुहं पत्र मुखरूले वाचून दाखवलं. तो म्हणे, पोरगी त तारेच्या चटक्यावर साहेब झाली!

आता माही बातमी आयक. मागच्या आठवड्यात मुखरूच्या कंपनीचं नाटक इथून जवळच्याच गावी होतं. मले म्हणे, चाल, घरी बसून काय करतं. गेलो. जुन्या सवयीनं हातोडा पिशवीत घेतला होता. ऊन उतरून राह्यलं होतं, धानाच्या बांधीत स्टेज उभं, लोकं बांबूच्या तट्ट्या आंथरून बसून राह्यले. आन् पडदा काही वर जाईना. ज्या लोखंडी खांबावर पडद्याची गुंडाळी बसते त्याची पिन चुकीच्या छेदात जाऊन जाम झाली होती. पिन निघन त पडदा सरकन. मुखरूची पोरं तेल टाकून, पाना लावून थकली. मालक डोक्यावर हात मारून राह्यला. तेवढ्यात मुखरू सगळ्याईसमोर म्हणे, "खुशालभाऊ, आता तुमीच पाहा."

सारे बाजूले झाले, बाई. मले जागा करून देल्ली. म्या वाकून पाह्यलं. पिन अशी आत दबली होती का मार बसाले जागाच नव्हती. पण ठोकून काढली एकदाची. पडदा सर्रकन वर गेला. टाळ्या ऐकू नाई आल्या, पण हात दिसले. सारे हात माह्याकडे होते. रिटायर झाल्यापासून मले कोणी काम सांगतलंच नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन एकट्यानं दोनदा चहा केला.

ठोकता ठोकता उजव्या डोळ्यात जरासा कचरा गेला. सुई टोचल्यासारखं झालं आन् लगेच थांबलं. पाण्यानं धुतला. लाल नाई, सूज नाई. शेजारच्या बायनाबाईनं पापणी उलटून पाह्यली, म्हणे काहीच दिसत नाई. मेडिकलातून ड्रॉप आणून टाकून राह्यलो. मुखरूले हे सांगतलं नाई, तू बी सांगू नको. तो उगाच जीवाले लावून घेते.

एक सहजच इचारतो. तुह्या त्या पांढऱ्या रेघेवरून जो तुकडा सुटते, तो किती मोठा असते? मोहरीएवढा? का त्याहून लहान? आन् जाते किती जोरानं?

सुनगा बायनाबाईनं वाळवून ठेवला आहे. तू ये.

तुहा बाबा,
खुशाल

*

हैदराबाद,
२ जानेवारी २०२४

प्रिय बाबा,
जयभीम.

रागावू नका, नाताळात येता आलं नाही. मशीनची पाळी ऐनवेळी मला मिळाली आणि सोडली असती तर पुढची कधी आली असती कोण जाणे. संक्रांतीच्या मागेपुढे नक्की जमवते. खरंच जमवते.

पडद्याचं वाचून इतका आनंद झाला! तुमच्याकडे वळलेले ते हात मला दिसले. आणि तुमचा प्रश्न वाचून तर मी खुर्चीतून उठलेच. एवढा नेमका प्रश्न मला परीक्षेत कुणी विचारला नव्हता. सांगते. तुकडा मोहरीहून पुष्कळ लहान असू शकतो, नुसता कण. पण लहान म्हणून गरीब समजू नका. बंदुकीतून सुटल्यासारखा जातो. म्हणून आमच्या मशीनसमोर जाड पारदर्शक पडदा असतो आणि त्याच्या आत कुणालाच सोडत नाहीत.

आणि गंमत म्हणजे याचं जुनं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. हातोडा! त्याचं तोंड तापवून, पाण्यात बुडवून कडक केलेलं असतं. मऊ धातू मार खाऊन पसरतो, कडक धातूला पसरता येत नाही. तशी दोन कडक तोंडं एकमेकांवर आदळली की कडेला रेघ धरते आणि टवका उडतो. तुम्ही मला घरी खिळा ठोकतानाही ओरडायचे, "हातोड्यावर हातोडा मारायचा नाई! मधात पितळ घ्यायचं." मला वाटायचं, घरात शीळ घालू नको म्हणतात तसलाच काहीतरी नेम असेल. आज मला त्याचं कारण माहीत आहे आणि ते तुम्हालाच सांगायला मिळालं. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, बाबा. इथे ऐकायला फारसं कुणी नाही.

डोळ्यात गेलेला कचरा निघाला ना? या वयात मोतीबिंदूही असतो, एकदा तपासून घ्या.

प्रवीण कामात बुडालाय.

तुमची,
मयुरी

*

वडसा,
१९ जानेवारी २०२४

प्रिय मयुरी,
जयभीम.

संक्रांतही गेली. असो, काम पहिले.

हातोड्याचं लिहिलं ते बरोबर आहे. आमचे फोरमन तेच सांगत. कारण त्याईलेही माहीत नव्हतं.

डोळा तसा बरा आहे. दुखत त अजिबात नाई. फक्त एक काळी माशी उडत राहते समोर, हात मारला तरी जात नाई. आन् दिवेलागणीले उजवीकडे अंधार लौकर पडते. मोतीबिंदूच असन. नाटकाचा सिझन संपला का दाखवीन. ओळी तिरप्या गेल्या असतीन, त्या थंडीनं. हात काकडून राह्यला आहे.

तू म्हणते तुकडा इतका तापून सुटते, त मंग त्यातले जंतू मरून जात असतीन नाई? म्हणजे आत जाऊन पिकत नसन. आन् जखम दिसत नसन, दुखत नसन, त काही झालंच नाई असं समजाले हरकत नाई ना? सहजच इचारलं.

मुखरू काल म्हणे, "मान वाकडी करून काऊन बसतं?" म्या सांगतलं, लचक भरली. खरं म्हणजे तो उजव्या बाजूनं बोल्ला त ओठ धुक्यात गेल्यासारखे वाटतात, म्हून डावा डोळा फिरवा लागते. त्याले माह्या डोळ्याचं काही कळू द्याचं नाई. त्याच्या मनाले लागन, आन् तो यायचा थांबन. मंग मी कोणाचे ओठ पाहू, तूच सांग.

सुनगा अजून ठेवला आहे.

बाबा

*

हैदराबाद,
२८ जानेवारी २०२४

बाबा,

हे पत्र पोचेल तेव्हा तुम्ही घरी नसाल. आपण दोघं नागपूरला असू. तरी लिहिते आहे, कारण तुमच्यासमोर मला हे बोलता येणार नाही, आणि मी रडत असले की माझे ओठ तुम्हाला वाचता येत नाहीत.

तुमची पत्रं ओळीने मांडली आणि एकेक वाक्य जुळत गेलं. पिनला मार बसायला जागा नव्हती. सुई टोचल्यासारखं झालं. तुकडा किती लहान? जोर किती? जखम दिसत नसेल तर? मी वेडी! मी तुम्हाला उत्तरं लिहीत बसले. माझ्या कामात बाबांना रस वाटतोय म्हणून मिरवत बसले.

मी मुखरूकाकांना फोन केला. तुम्ही नको म्हणाला होता, तरी केला. फक्त एवढंच विचारलं, पिन कशी काढली? ते बिचारे कौतुकाने सांगायला लागले, "जागाच नव्हती बेटा, म्हून खुशालनं आपला जुना हातोडा पिनीवर धरला आन् म्या वरून घन हाणला. दोन ठोक्यात निघाली." मग मला सगळं सांगावंच लागलं. पलीकडे खाट कुरकुरली, ते उठले. मग म्हणाले, "आता गाडी काढतो."

बाबा, तो कण आत आहे. बाहेरची भेग इतकी बारीक असते की ती आपोआप मिटते, म्हणून बायनाबाईला काही दिसलं नाही. जंतू मेले असतील, पण लोखंड आत गंजतं, आणि तो गंज डोळ्याचा पडदा खातो. तुम्हाला संध्याकाळी अंधार लवकर पडतो तो म्हणून. आणि एका डोळ्याचं दुखणं कधीकधी दुसऱ्यालाही ओढतं. दुसराही गेला तर तुमच्याकडे काय उरेल? मी कशातून बोलू तुमच्याशी? डॉक्टरांना आधी सांगा की आत लोखंड आहे. चुंबकाच्या मोठ्या मशीनमध्ये डोकं घालू देऊ नका, साधा एक्स-रेच काढायला सांगा. हे मी मुखरूकाकांनाही सांगितलं आहे.

आणखी एक. लपवण्यात मीही तुमचीच मुलगी. प्रवीण दौऱ्यावर नाही. तो दिवाळीआधीच वेगळा राहायला गेला. भांडण झालं नाही, कुणी कुणाला ओरडलं नाही. आमचं झटक्यात तुटलं नाही बाबा, सावकाश वाकत गेलं, म्हणून कुणालाच आवाज आला नाही. नाताळात मशीनची पाळी नव्हती. मला घरी यायचं होतं. पण तुम्ही माझ्या तोंडाकडे बघता, आणि तुमच्यापासून तोंड लपवता येत नाही.

मयुरी

*

वडसा,
२५ फेब्रुवारी २०२४

प्रिय मयुरी,
सप्रेम जयभीम.

तू परत गेल्यावर घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. तू धुवून ठेवलेला दुसरा गिलास अजून मांडणीवर तसाच आहे, गाडी गेली का दोन्ही थरथरतात.

उजव्या डोळ्यानं उजेड समजते, माणूस समजत नाई. डावा चांगला आहे. काल तपासणीले गेलतो, डॉक्टरीण बाईनं कागदावर लिहून देल्लं, 'उशीर झाला असता तर दोन्ही गेले असते.' म्हून तुह्यावर रागावू कसा? पण राग आहे, बाई. तू मुखरूले सांगतलं. नागपुरात ऑपरेशन चालू होतं तवा तो बाकावर भिताडाकडे तोंड करून बसला होता, तू पाह्यलंच. मले घरी आणून सोडलं, खाटेवर चादर घालून देल्ली, आन् त्या दिवसापासून आला नाई. चार वाजले का मी फाटकाकडे तोंड करून बसतो. बायनाबाई म्हणे, तो बाजारात दिसते पण या गल्लीत वळत नाई. कान गेले तवा मले इतकं एकटं नव्हतं वाटलं.

चूक माही आहे. पितळेचा दांडा घरी ट्रंकेत होता. आणाले अर्धा घंटा लागला असता. पण सारे पाहून राह्यले होते, आन् किती दिवसानं कोणी मले भाऊ म्हणून बोलावलं होतं. मले थांबवलं नाई गेलं.

डॉक्टरीण बाईनं तो तुकडा शिशीत घालून देल्ला होता. तो या पत्रासोबत पाठवतो, शिशी चिकटपट्टीत नीट गुंडाळली आहे. काप त्याले. घास, आम्ल लाव, जे करतेस ते कर. मले एवढंच सांग का तो माह्या हातोड्याचा होय का मुखरूच्या घनाचा. माह्या हातोड्याचा निघाला त तुहा कागद घेऊन मी त्याच्या घरी जाईन आन् म्हणीन, पाह्य, तुहा काही संबंध नाई.

जावईबापूचं मले तवाच समजलं होतं, ओळ यायची थांबली तवा. इचारलं नाई, कारण तू सांगून नाई राह्यली त तुले तसंच पाहिजे असन असं वाटलं. आपण दोघं बापलेक सारखेच खोटारडे. अक्षर जरा मोठं काढत जाय आता.

तुहा बाबा,
खुशाल

*

हैदराबाद,
११ मार्च २०२४

प्रिय बाबा,
जयभीम.

अक्षर मोठं काढते आहे. दिसतंय ना?

तुकडा मिळाला. कितीतरी दिवस मला तो कापवेना. रोज शिशी उघडायची, बघायची, झाकण लावायची. शेवटी राळेत बसवला, घासला, आम्ल लावलं आणि भिंगाखाली धरला. रेघ आहे, बाबा. एका कडेने पांढरी, अगदी सरळ. असे कितीतरी नमुने पाहिले, पण इतकी स्वच्छ रेघ मला आजवर मिळाली नव्हती. माझ्या मनात 'वा!' आलं आणि दुसऱ्या क्षणी माझीच मला लाज वाटली. त्या दिवशी मग काही काम झालं नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नुसत्या या कणावरून सांगता येत नाही. दोन्ही हातोडे पाठवा. ज्याच्या कडेचा टवका गेला असेल तो समजेल.

पण त्याआधी एक ऐका. तुम्ही धरला होता, काकांनी हाणला, हे आपण माणसं म्हणतो. हातोड्यांना ते माहीत नसतं. दोन्ही तोंडं भिडली त्या क्षणी दोन्हीवर जोर अगदी सारखा होता, रतीभरही कमीजास्त नाही. ज्याने मारलं त्यालाही तेवढाच बसला, आणि ज्याने धरला त्यालाही तेवढाच. रेघ कुणात धरायची ते कुणाच्या हातात नव्हतं. टवका तुमच्या हातोड्याचा निघाला तर काका सुटतील असं तुम्हाला वाटतं. सुटणार नाहीत. आणि त्यांच्या घनाचा निघाला तर? तो कागद तुम्ही त्यांना दाखवाल?

इथे सगळं तसंच आहे. घरी आले की टीव्ही लावून ठेवते, काही बघत नाही, नुसतं कुणीतरी बोलत असावं म्हणून. तुम्हाला भांड्यांच्या थरथरीची सोबत, मला टीव्हीची.

तुमची,
मयुरी

*

वडसा,
२९ मार्च २०२४

प्रिय मयुरी,
सप्रेम जयभीम.

तुहं पत्र वाचलं आन् घडी करून खिशात ठेवलं. म्हटलं मुखरूले त्याचा घन मांगाले त जावाच लागन, तुनंच मांगतला आहे. तेवढं निमित्त भेटलं. उन्हाचंच निघालो. एका डोळ्यानं रस्त्याचा खड्डा किती खोल आहे ते समजत नाई, दोनदा ठेचाळलो.

मुखरूच्या घरी मीराबाई, त्याची बायको, ओसरीत होती. तिनं मले पाह्यलं आन् बोटानं परसाकडे दाखवलं. मुखरू पडदे घडी करून राह्यला होता, सिझन आता संपतच आला. वळला. मी पाहतच राह्यलो. मिशी वाढली होती. पांढरी, राठ, ओठावर आलेली.

तो बोलाले लागला. लय बोल्ला, बाई. हात हालवून बोल्ला, छातीवर हात मारून बोल्ला. मले एक अक्षर समजलं नाई. तोंडात जे होतं ते सारं मिशीमागं राह्यलं. म्या म्हटलं, "मुखरू, मले काही समजून नाई राह्यलं रे. आता एकच डोळा आहे माहा, आन् त्याच्या आड तुही मिशी."

तो एकदम थांबला. पडदा हातातून खाली सोडला आन् घरात निघून गेला. मले वाटलं, संपलं. मी चप्पल शोधाले लागलो. पाहतो त तो आरसा, पाण्याचा लोटा आन् वस्तरा घेऊन भायेर आला. तिथीच खाटेवर बसला, साबण नाई का काही नाई, मिशी काढाले लागला. वस्तरा घाईनं फिरवून राह्यला होता. ओठाजवळ थोडं रक्त आलं, मीराबाईनं पदर लावला त तिचा हात बाजूले केला.

मंग खाट उचलली आन् माह्या डाव्या बाजूले आणून ठेवली. समोर बसला. सावकाश म्हणे, "काऊन नाई सांगतलं मले?"

म्या म्हटलं, "तू येणं बंद करशीन म्हून."

"मंग? नाई सांगून तरी काय झालं? बंदच झालं ना!"

मी हासाले लागलो. तोही हासला. मंग आमी दोघंही रडलो, म्हातारे माणसं, पडद्याच्या ढिगापाशी. त्याले वाटत होतं का मले आता त्याचं तोंड पाहावंसं वाटत नसन. म्हून त्यानं तोंड झाकून घेतलं होतं. आन् मी रोज चार वाजता फाटकाकडे पाहून राह्यलो होतो.

हातोडे काही पाठवत नाई. त्याचा घन त्यानं नागपूरवरून आल्याबरोबर वैनगंगेत टाकला. माहा हातोडा ट्रंकेत आहे. त्याची कड म्या पाह्यली नाई आन् पाहणारही नाई. तो कण तुहा तूच ठेव, तुह्या अभ्यासाले कामी येत असन त येऊ दे. तेवढी स्वच्छ रेघ भेटली म्हणतेस, त 'वा' म्हटलं त काय झालं? लाजाचं काही काम नाई. माहा डोळा काही फुकट गेला नाई म्हणजे.

काल चार वाजता गाडी गेली तवा मांडणीवर तीन गिलास थरथरले. तिसरा मुखरूनं आपल्या घरून आणला आहे. म्हणे, तुह्या घरचा चहा लहान गिलासात पुरत नाई.

आता पेन त्याच्याकडे देतो. खाली जागा सोडली आहे.

तुहा बाबा,
खुशाल

मयुरी बेटा, मी मुखरूकाका. बापाच्या तब्येतीची काळजी करू नको, ती मी पाहतो. तिथी टीव्ही लावून एकटी बसू नको. इथी ये, तुह्याकडे वळून बसाले आमी दोघं आहो.